बाराशे डॉलरमध्ये जुनी अमेरिकन गिटार? मिळते की, पण आधी नेक बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की ओहायोतल्या कोलंबसला नोकरी लागून दीड वर्ष झालं, बाराशे डॉलर बाजूला काढलेत आणि साठच्या दशकातली खरी अमेरिकन इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीये, नवीन बनवलेली जुन्यासारखी दिसणारी नकोय. फेंडरची स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) आणि गिब्सनची लेस पॉल यांच्या किमती बघून डोळे पांढरे झाले, मग कोणी म्हणालं सिल्व्हरटोन घे, हार्मनी घे, आणि दुसरा म्हणाला ती पोरांची खेळणी आहेत, पैसे पाण्यात जातील. त्यात एक हार्मनी स्ट्रॅटोटोन साडेसहाशेला नजरेत भरलीये, ती घेऊ का?

मी शिकागोच्या उपनगरात राहतो, पोटापाण्याला आयटी आणि गेली अठरा वर्षं संध्याकाळी बेसमेंटमध्ये गिटार दुरुस्ती. आधी स्वतःच्या, मग मित्रांच्या, मग मित्रांच्या मित्रांच्या. या गावात हा नाद लागणं साहजिकच आहे म्हणा, कारण तू ज्या स्वस्त गिटारींबद्दल विचारतोयस त्यातल्या निम्म्याहून जास्त इथेच बनल्या. हार्मनी इथली, के इथली, सुप्रो आणि नॅशनल बनवणारी व्हॅल्को पण इथलीच. आजही कुणाचे आजोबा गेले की घर रिकामं करताना माळ्यावरून एखादी के निघतेच.

तर तुला सल्ला देणारे दोघंही बरोबर आहेत. त्या गिटारी खरंच पोरांसाठी बनल्या होत्या, सीअर्स या मोठ्या दुकानाच्या कॅटलॉगमधून पोस्टाने घरी यायच्या. आणि त्यातल्या कित्येकांचा आवाज असा आहे की आजच्या दोन हजारांच्या गिटारीत सापडणार नाही. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, जुन्या स्वस्त गिटारची किंमत म्हणजे विकणारा सांगतो ती नाही, त्यात नेकचं, म्हणजे बॉडीला जोडलेल्या लांब दांड्याचं, काम मिळवायचं आणि मग जो आकडा येतो ती खरी किंमत. साडेसहाशेची हार्मनी साडेअकराशेला पडू शकते आणि नऊशेची पीव्ही नऊशेलाच पडते. हे ज्याला कळलं तो फसत नाही, बाकी ब्रँड, वर्ष, रंग सगळं नंतर.

नेकचं काय होतं ते सांगतो. दहा नंबरच्या तारांचा सेट सुरात आणला की सगळ्या तारा मिळून साधारण शंभर पौंडांचा ओढा नेकवर पडतो, पंचेचाळीस किलो म्हण. आता हे साठ वर्षं चालू आहे असं समज, तेही शिकागोसारख्या ठिकाणी जिथे उन्हाळ्यात दमट आणि हिवाळ्यात हीटरमुळे हवा पापडासारखी कोरडी. हार्मनी आणि के यांच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये नेक बॉडीत सरसाने चिकटवलेली असते, म्हणजे आपल्याकडे सुतार वापरायचे तोच प्राण्यांच्या कातडी-हाडांचा सरस. तो सांधा हळूहळू ढिला पडतो, नेक पुढे झुकते, बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तारा उंच होतात. मग मालक ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो आधार, खाली करतो, आणखी खाली करतो, शेवटी ब्रिजला खाली जायला जागाच उरत नाही आणि पाचव्या फ्रेटच्या पुढे वाजवायला बोटं फुटतात. मग ती गिटार पलंगाखाली जाते, तिथून थेट तुझ्यासमोर, "आजोबांची गिटार, चांगल्या कंडिशनमध्ये" असं लिहून. दिसायला खरंच चांगली असते कारण कुणाला वाजवताच आलेली नसते!

यावर उपाय म्हणजे नेक रीसेट. सांध्यात वाफ सोडून नेक मोकळी करायची, तिची टाच, म्हणजे बॉडीत बसणारं टोक, थोडी तासून कोन दुरुस्त करायचा आणि परत चिकटवायची. काम किचकट आहे, चांगला कारागीर त्याचे चारशे-पाचशे सहज घेतो आणि त्यात काही चूक नाही, कारण तोवर फ्रेट पण घासावे लागतात, नट (नेकच्या दुसऱ्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) पण बदलावा लागतो. याउलट नेक स्क्रूवर बसवलेली असेल, म्हणजे फेंडरच्या, डॅनइलेक्ट्रोच्या, पीव्हीच्या, तर तारा काढा, स्क्रू काढा, खाचेत व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा ठेवा, परत घट्ट करा, वीस मिनिटांत झालं. म्हणून पहिलीच जुनी गिटार घेणाऱ्याला मी डोळे झाकून सांगतो की स्क्रूवाली घे, सरसवाली दुसऱ्यांदा.

ट्रस रॉडची गोष्ट वेगळी, ती रीसेटशी गल्लत करू नकोस. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतली सळई, नेकला बाक आला तर ती फिरवून सरळ करता येते. पण त्या काळच्या स्वस्त गिटारींत बऱ्याचदा फिरवता येणारी सळई नसतेच, आत एक पोलादाचा तुकडा टाकलेला असतो आणि हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावर, ऐटीत लिहिलेलं असतं "स्टील रीइन्फोर्स्ड नेक". वाचून बरं वाटतं, अर्थ इतकाच की वाकली तर हिला सरळ करायची सोय नाही. मग कारागिराला फिंगरबोर्ड रंधून नव्याने फ्रेट बसवावे लागतात, तोही खर्चच.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं सुरू झालं त्या महागड्यांबद्दल दोन ओळी, कारण स्वस्त का स्वस्त हे त्यावरून कळतं. लेस पॉल आली १९५२ ला, स्ट्रॅट १९५४ ला. १९५८ ते १९६० ची सनबर्स्ट लेस पॉल तेव्हा फारशी खपलीच नाही, आज तिची किंमत लाखांत डॉलर. फेंडर कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या टीव्ही-रेडिओवाल्या कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली, आणि तेव्हापासून "सीबीएसच्या आधीची की नंतरची" हा सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न झाला. आधीची चांगली, ओरिजिनल रंगाची स्ट्रॅट वीस-तीस हजारांच्या घरात जाते. ती गिटार तेवढ्या पटीने चांगली वाजते का? नाही. ती बाजारातल्या शेअरसारखी झालीये, गिटार राहिली नाही.

आणि हे ध्यानात ठेव, की आजची "महागडी क्लासिक" काल स्वस्तच होती. जॅझमास्टर १९५८ ची, जॅग्वार १९६२ ची, फेंडरच्या तेव्हाच्या वरच्या दर्जाच्या गिटारी, पण सत्तरच्या दशकात त्यांना कुणी विचारत नव्हतं, गहाणवट दुकानांत धूळ खात पडलेल्या. म्हणून तर न्यूयॉर्कच्या पंक आणि नॉइज बँडवाल्या पोरांनी त्या उचलल्या, खिशाला तेवढ्याच परवडत होत्या. मग निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनच्या गळ्यात जॅग्वार आणि फेंडरचीच मस्टँग दिसली आणि भाव जो उडाला तो खाली आलाच नाही. व्हाइट स्ट्राइप्सच्या जॅक व्हाइटने १९६४ ची लाल प्लास्टिकची एअरलाइन वाजवली, तिचंही तेच. खरं तर ती एअरलाइन त्याच्या कितीतरी आधी इथे शिकागोत ब्लूजवाला जे. बी. हटो बोटात स्लाइडची नळी लावून वाजवत होता, पण तेव्हा तिच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. त्यामुळे एखादी गिटार प्रसिद्ध माणसाच्या हातात दिसली असेल तर तू उशिरा पोचलास असं समज आणि पुढे चल.

आता प्रत्यक्ष काय घ्यायचं. माझी सगळ्यात लाडकी शिफारस साठच्या दशकातली नाहीच, त्याबद्दल आधीच माफी. पीव्ही टी-६०. मिसिसिपीतल्या मेरिडियन गावात हार्टली पीव्हीने चिप टॉड नावाच्या कारागिराला घेऊन १९७८ ला बाजारात आणली. पीव्हीच्या डोक्यात आलं की बंदुकीचे दस्ते यंत्रावर एकासारखे एक कापले जातात, मग गिटारची नेक का नाही? आणि त्याने तशी यंत्रं आणून नेक आणि बॉडी कापायला घेतल्या, तेव्हा फेंडर-गिब्सनमध्ये बरंचसं काम हाताच्या अंदाजाने चालायचं. परिणाम काय, तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी पण टी-६० ची नेक सरळ निघते, मी आजवर ज्या हाताळल्या त्यात एकही कामातून गेलेली नव्हती. नेक मेपलची, दोन थर चिकटवलेली. आणि टोन नॉबची गंमत अशी, की नॉब पूर्ण दहावर असताना हमबकर पिकअप (पिकअप म्हणजे तारांखालचा, आवाज पकडणारा चुंबकी भाग, हमबकर म्हणजे दोन वेटोळ्यांचा जाड आवाजाचा) सिंगल कॉइलसारखा, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पातळ आवाजाच्या पिकअपसारखा वाजतो, दहावरून सातच्या आसपास आणलास की पूर्ण हमबकर होतो, त्याखाली नेहमीसारखा ट्रेबल कमी होत जातो. पहिल्यांदा वाजवणाऱ्याला वाटतं टोन बिघडलाय. बिघडलेला नाही, शांतपणे अर्धा तास बस तिच्याबरोबर. खोट एकच, वजन. ॲश लाकडाची असली की दहा पौंडाच्या आसपास भरते, उभ्याने दोन तास वाजवलंस तर खांदा आठवण करून देईल. देखणी पण नाहीये, शिसमच्या टीपॉयसारखी दिसते, त्यामुळे भाव अजून माणसात आहे, बाराशेच्या आत चांगली मिळून जाते.

साठचंच दशक हवं हा हट्ट असेल तर डॅनइलेक्ट्रो. नेथन डॅनियल नावाचा न्यू जर्सीचा गृहस्थ, १९४७ ला कंपनी काढली, आधी ॲम्प बनवायचा, मग सीअर्ससाठी सिल्व्हरटोन नावाने गिटारी. हा माणूस म्हणजे काटकसरीचा बादशहा. बॉडी म्हणजे लाकडाची चौकट आणि तिच्यावर पुढून-मागून मेसोनाइट चिकटवलेलं, मेसोनाइट म्हणजे आपल्याकडे कपाटाच्या पाठीला लावतात तो हार्डबोर्ड! कडेला व्हिनाइलची पट्टी. पिकअपसाठी लिपस्टिकच्या डब्या बनवणाऱ्यांकडून नळ्या आणल्या आणि त्यात चुंबक आणि तारेचं वेटोळं घातलं, म्हणून त्याला आजही लिपस्टिक पिकअप म्हणतात. दोन्ही पिकअप एकत्र लावले की सिरीजमध्ये जोडले जातात, त्यामुळे मधल्या जागी आवाज पातळ व्हायच्या ऐवजी दणकट होतो, हे फेंडरच्या उलट आहे आणि भलतं मजेशीर आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने सिल्व्हरटोन १४४८ आणि १४४९ काढल्या, ज्यांच्या केसमध्येच ॲम्प आणि स्पीकर बसवलेला, म्हणजे बारा वर्षांच्या पोराला एका डबड्यात सगळा बँड. १४४८ ला एक पिकअप, १४४९ ला दोन. १९६६ ला कंपनी एमसीए या मनोरंजन कंपनीला विकली आणि १९६९ ला बंद पडली.

इथे दोन इशारे. डॅनइलेक्ट्रो नावाच्या गिटारी नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून परत बनतायत, आशियात, आणि त्या चांगल्या पण आहेत, पण पंचवीस वर्षं जुनी झालेली अशी एखादी "व्हिंटेज" म्हणून खपवली जाते. फरक कळत नसेल तर मला फोटो टाक. दुसरं, त्या काळच्या काही स्वस्त छोट्या ॲम्पमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच नसायचा, भिंतीतली वीज थेट आत. अशा ॲम्पला लावलेल्या गिटारच्या तारांना हात आणि दुसरा हात माइकला म्हणजे थेट वर. केसमधला ॲम्प चालू करायच्या आधी जाणकाराला दाखव, यात चेष्टा नाही. आणि कधी पुण्याला घेऊन गेलास तर तो ११७ व्होल्टचा आहे, स्टेप-डाउन शिवाय सॉकेटला लावलास तर धूर निघेल.

फेंडरचं नाव हवंच असेल तर शिकाऊ मुलांसाठी बनवलेल्या बघ. म्युझिकमास्टर आणि डुओ-सोनिक १९५६ च्या, मस्टँग १९६४ ची. त्याच फुलरटनच्या कारखान्यात बनलेल्या, फक्त छोट्या. जुन्या म्युझिकमास्टरची स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी, साडेबावीस इंच, स्ट्रॅटची साडेपंचवीस, म्हणजे तुझे हात मोठे असतील तर वरच्या फ्रेटवर बोटं एकमेकांवर चढतील, पण तारा लोण्यासारख्या वाकतात. मस्टँग आता तुझ्या बजेटबाहेर गेली, वर सांगितलेल्या कारणामुळे. म्युझिकमास्टर सत्तरच्या दशकातली, थोडी घासलेली, कधीतरी मिळते. आणि फेंडरमधलीच माझी छुपी आवड म्हणजे लीड मालिका, लीड १ आणि २, १९७९ ते १९८२, फुलरटनलाच बनलेली, पूर्ण साडेपंचवीस इंची स्केल, साधी, सरळ. नाव कुणाला माहीत नाही म्हणून भाव कमी.

गिब्सनमध्ये मेलडी मेकर. १९५९ ला आली, एकाच महोगनीच्या फळीची पातळ बॉडी, छोटे सिंगल कॉइल पिकअप, पिसासारखी हलकी. लेस पॉल ज्युनियरची गरीब धाकटी बहीण म्हण. धडधाकट, कुणी हात न लावलेली बाराशेत मिळणं आता कठीण, पण हिच्याबाबत एक पळवाट आहे. गिब्सनचा हेडस्टॉक मागे झुकलेला असतो आणि नटपाशी लाकूड पातळ, त्यामुळे गिटार पडली की तिथेच मोडते. मोडून नीट जोडलेली गिटार वाजायला तितकीच चांगली असते, पण संग्राहक तिच्याकडे बघत नाहीत, भाव साधारण निम्म्यावर येतो. नव्याने रंग दिलेल्याचंही तेच. तुला विकायची नसेल, वाजवायची असेल तर दुसऱ्याचं दुःख ते तुझं सुख.

मेलडी मेकरबद्दल माझं पाप पण कबूल करतो. २००९ ला मला दोन शिंगांची, १९६२ ची एक मिळाली होती, सगळं ओरिजिनल. रॉक गायिका जोन जेटच्या मेलडी मेकरमध्ये हमबकर आहे, मग माझ्यात का नको असं डोक्यात घेतलं आणि राउटर घेऊन खड्डा मोठा केला, हमबकर बसवला. आवाज झाला दणदणीत, आठवडाभर मी खूश. मग एका म्हाताऱ्या कारागिराने ती हातात घेतली, उलटी-पालटी केली आणि काही न बोलता परत दिली. त्याचं ते न बोलणं मला अजून टोचतं. लाकूड परत येत नाही बाबा. वायरिंग बदल, ट्यूनर बदल, जुने पार्ट पिशवीत घालून केसमध्ये ठेव, पण करवत, ड्रिल, राउटर यातलं काही जवळ आणू नकोस.

सत्तरच्या दशकातल्या गिब्सन, ज्यांना लोक नॉर्लिन (तेव्हाची मालक कंपनी) काळातल्या म्हणून नाकं मुरडतात, त्यांच्यातही माल आहे. कंपनीचे मालक १९६९ ला बदलले, खर्च वाचवायला बॉडी थर चिकटवून बनवायला लागले, लेस पॉल जड झाल्या, हे खरं. पण एल६-एस बघ, १९७३ ची, बिल लॉरेन्सने डिझाइन केलेली, मेपल बॉडी, चोवीस फ्रेट, सहा जागांवर फिरणारा स्विच, गिटारवादक कार्लोस सान्तानाने तिची जाहिरात केली होती. मरॉडर १९७५ ची, गिब्सन असून नेक स्क्रूवर! तेव्हा गिब्सनवाल्यांना हा धर्म बुडाल्यासारखा वाटला, आपल्याला मात्र वर सांगितल्याप्रमाणे सोयीची. "द पॉल" १९७८ ची, अक्रोडाच्या लाकडाची, रंगच नाही, नुसतं लाकूड. यांचे भाव पण सरकतायत, पण एखादी घासलेली, पार्ट बदललेली हाताला लागते. साठच्या दशकातच गिब्सनने कालामाझू नावाने केजी-१, केजी-२ काढल्या होत्या, बॉडी भुश्याच्या दाबलेल्या फळीची, पण नेक गिब्सनच्याच कारखान्यातली आणि स्क्रूवर. स्क्रूची भोकं त्या भुश्यात सैल होतात तेवढं बघून घे, बाकी मला ती फार आवडते.

आता माझ्या गावच्या. इथे नावांचा घोळ समजून घे, नाहीतर तू नावाला पैसे देशील. सिल्व्हरटोन हा सीअर्सचा ब्रँड, कारखाना नव्हे, तो डॅनइलेक्ट्रोने पण बनवला, हार्मनीने पण, के ने पण, आणि नंतर जपानमधून पण आला. एअरलाइन हा माँटगोमेरी वॉर्ड या सीअर्ससारख्याच दुकानाचा, तो व्हॅल्को, हार्मनी, के तिघांनी बनवला. म्हणजे लग्नात एकाच आचाऱ्याचं जेवण वधूकडचे वेगळं आणि वरपक्षाचे वेगळं म्हणून वाखाणतात तसं. प्लास्टिकच्या एअरलाइनला सोन्याचा भाव आहे म्हणून के ने बनवलेल्या साध्या एअरलाइनला कोणी त्या भावाने विकत असेल तर हसून पुढे जा.

हार्मनी १८९२ ची, मधे सीअर्सच्या मालकीची होती, साठच्या दशकात अमेरिकेतली सगळ्यात मोठी गिटार बनवणारी कंपनी, १९७५ ला बंद. त्यानंतर हार्मनी नाव लावून आलेल्या आयात गिटारींशी तुझं काही घेणं-देणं नाही. हार्मनीतलं सोनं म्हणजे पिकअप, ओहायोतल्याच टोलीडो गावात बनलेले डीआर्मंड, त्यातले सोनेरी पत्र्याचे ज्यांना आता गोल्ड फॉइल म्हणून डोक्यावर घेतात. आवाज खरखरीत, उघडा, ॲम्प थोडा वाढवला की रडायला लागणारा. लोक फक्त पिकअप काढून घ्यायला हार्मनी विकत घेतात आणि बाकीचा सांगाडा विकतात, म्हणून पिकअप मूळचेच आहेत ना ते आधी बघायचं. पोकळ बॉडीच्या असतात त्यांच्यात एफ-होलमधून, म्हणजे बॉडीवरच्या एफ आकाराच्या भोकातून, टॉर्च मारलास तर शिक्का दिसतो, एफ किंवा एस आणि वर्ष, एफ-६२ म्हणजे १९६२.

के बद्दल लांबण लावत नाही. ब्लूजवाल्या जिमी रीडची थिन ट्विन गिटार के चीच, आवाज अस्सल शिकागो, पण नेकचा जुगार हार्मनीपेक्षा मोठा. मी एकदा "वाजायला मस्त" अशा ग्वाहीवर दीडशेला के घेतली होती, घरी आणून टाच बघितली तर सांध्यात पिवळा सुतारी गोंद ओतून वर स्क्रू मारलेला. तो गोंद वाफेला सरसासारखा सुटत नाही. तीन शनिवार गेले, शिवाय चारशेचं सामान आणि मेहनत, आणि आज ती कुणी तीनशेला घेणार नाही. व्हॅल्कोने १९६७ ला के विकत घेतली आणि १९६८ ला दोघी बुडाल्या. व्हॅल्कोच्या सुप्रोंचे पिकअप हमबकरसारखे दिसतात पण आत एकच कॉइल असतं आणि ते भन्नाट वाजतं. हेंड्रिक्सची पहिली इलेक्ट्रिक गिटार सुप्रोचीच, ओझार्क, १९५९ च्या सुमारास वडिलांनी घेऊन दिलेली. मिळाली तर घे, पण बाराशेत फार आशा ठेवू नकोस.

वर्ष कसं ओळखायचं, हे विकणाऱ्याच्या तोंडावर सोडू नकोस. मागचं झाकण उघडून पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे फिरते भाग, बघायचे, त्यांच्या पाठीवर आकडे असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रालॅब. पुढचे वर्ष आणि आठवडा, म्हणजे १३७६६३२ असेल तर सीटीएस, १९६६ चा बत्तिसावा आठवडा. गिटार त्याच्या आधीची असूच शकत नाही, नंतरची असू शकते. आणि सोल्डर चमकतं नवंकोरं असेल तर कोणीतरी पॉट बदललाय, मग आकडा बिनकामाचा. साठच्या दशकातल्या गिब्सनचा सिरियल नंबर बघून वर्ष सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, तेच नंबर तेव्हा परत परत वापरले गेलेत.

भारतात न्यायचा विचार असेल तर फिंगरबोर्डचं लाकूड आधी विचार. ब्राझीलचं रोझवुड १९९२ पासून साइट्स, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सगळ्यात कडक यादीत आहे, त्याची गिटार सीमेपलीकडे नेताना कागदपत्रं लागतात. इंडियन रोझवुडच्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून सूट आहे. आणि इंडियन रोझवुड म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपला शिसव. साठच्या दशकाच्या मध्यानंतर फेंडरसकट सगळे हळूहळू ब्राझीलवरून शिसवावर आले. संग्राहक त्याला कमी लेखतात, मला मात्र एखाद्या १९६८ च्या मस्टँगच्या फिंगरबोर्डला तेल लावताना उगीचच आजोळच्या देवघराच्या दाराची आठवण होते.

आता तुझी स्ट्रॅटोटोन. विकणाऱ्याला तीन फोटो माग. एक, गिटार आडवी ठेवून बाजूने, नेक जिथे बॉडीला मिळते तिथला, सांध्यात केसाएवढी जरी फट दिसली तरी रीसेट धरून चाल. दोन, बाराव्या फ्रेटवर मोजपट्टी उभी धरून, सहावी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये दोन-सव्वादोन मिलिमीटर असेल तर आनंद, चार असेल तर पुढचा फोटो महत्त्वाचा. तीन, ब्रिजचा जवळून, बाजूने, म्हणजे तो आणखी खाली जाऊ शकतो की टेकलाय ते कळेल. चार मिलिमीटर आणि ब्रिज टेकलेला, असं असेल तर अडीचशे सांग, तीनशेपर्यंत जा, त्यावर एक डॉलर नाही. फट नाही, उंची ठीक, पिकअप मूळचे, तर साडेसहाशे देऊन टाक, घासाघीस करत बसलास तर दुसरा उचलेल. फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर दीड-दोन तास गाडी मारून स्वतः जा, खिशात एक स्टीलची पट्टी, एक टॉर्च आणि स्वतःची केबल घेऊन जा. ॲम्पला लावून सगळे स्विच फिरव, खरखर झाली तर घाबरू नकोस, तो पॉटमधला कचरा आहे, स्प्रेने जातो. आणि परत येताना गिटार गाडीच्या डिकीत ठेवून मध्येच कुठे जेवायला उतरू नकोस, जुलैच्या उन्हात डिकी तापते आणि सरस पातळ होतो, माझ्याकडे अशा दोन आल्यात, नेक हातात, बॉडी पिशवीत.